मुंबई ते लंडन, बेलापूरच्या घड्याळाने

मुंबई,
ता. २२ नोव्हेंबर १९४८

ती. बाबांस दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

मी खुशाल आहे, तुमची व आईची खुशाली कळवावी, हे आधीच लिहून टाकते. पुढचा मजकूर वाचल्यावर ते तुमच्या ध्यानात राहायचे नाही.

आमच्या इस्पितळातून यंदा एका नर्सला लंडनला पाठवायचे ठरले आहे. नर्स मुलींना शिकवायचे कसे, याचा वर्षभराचा अभ्यासक्रम तिथे आहे. मेट्रनबाईंनी माझे नाव घातले. मला वाटले थट्टा करताहेत, कारण त्याच सकाळी त्यांनी मला पट्टी सैल बांधली म्हणून सर्वांदेखत फैलावर घेतले होते. थट्टा नव्हती, बाबा.

पण अडचण पुढेच आहे. शिकवणी जानेवारीत सुरू होते आणि बोटीत एप्रिलपर्यंत जागा नाही. म्हणून विमानाने जावे लागेल. आपल्या देशाचे विमान आता आठवड्यातून एकदा मुंबईहून लंडनला जाते. हे मी आईला कोणत्या तोंडाने सांगू? योहानदादा ब्रह्मदेशाच्या जंगलावर फौजेचे सामान टाकायला विमानातून गेला आणि आला नाही, त्याला आता पाचवे वर्ष चालू आहे. आपल्याला त्याची कबरही नाही. आणि मी तिला सांगणार की आई, मी विमानात बसते.

मेट्रनबाईंकडून मी विचार करायला मुदत मागून घेतली आहे. आई नको म्हणाली तर मी जाणार नाही, हे मी रागाने लिहीत नाही, खरेच लिहिते. तुम्ही हे पत्र तिला वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते जसेच्या तसे कळवा, व्याकरण सुधारू नका.

बनुआत्याला सलाम सांगा. तुमच्या दोघांची माया आहेच, ती या बातमीने आटू नये एवढेच मागणे.

तुमची
दया

*

बेलापूर,
ता. २७ नोव्हेंबर १९४८

चि. दयास प्रभुदास मास्तरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. तुझी आई सुपात बाजरी घेऊन निवडत बसली होती, तेव्हा मी ते मोठ्याने वाचले. लंडनपर्यंत ती नीट ऐकत होती. तुझ्या मेट्रनबाईंचे नाव आले तेव्हा हसलीसुद्धा. विमान हा शब्द आला आणि ती सूप घेऊन उठली ती अंगणात गेली. नंतर मी दोनदा विषय काढला. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने जसेच्या तसे काय म्हटले ते कळवायचे तर कोरा कागदच पाठवावा लागेल.

तुला ठाऊक आहे, आकाशातून घरघर आली की ती वाळत घातलेले लुगडे अर्ध्यावर सोडून घरात येते. आणखी एक तुला ठाऊक नसेल. दर रविवारी ती चर्चला येते, शनिवारी चर्च झाडते, सारे काही करते, पण योहान गेल्यापासून प्रार्थनेला डोळे मिटत नाही. पाळकसाहेब म्हणतात डोळे मिटा, सगळी मंडळी मिटते, आणि ही समोरच्या भिंतीकडे बघत बसते. हे मला कसे दिसले असे विचारू नकोस.

माझ्यापुरते विचारशील तर तू जावेस. मी तीस वर्षे भूगोल शिकवला आणि नगर-पुण्यापलीकडे गेलो नाही. घरातले कोणीतरी तो नकाशा खरा आहे की नाही हे बघून यायला हवे. काल मी भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावून पाहिले. मुंबई ते कैरो, तेथून जिनिव्हा, तेथून लंडन, साधारण पाच हजार मैल भरले. आपला शेजारी रंगनाथ बैलगाडीतला ऊस कारखान्यावर उतरवून येताना इथे बसला होता. त्याने गंभीरपणे विचारले की मास्तर, एवढ्या पल्ल्याला बैल कुठे बदलतात. मी त्याला म्हटले, तू बेलापूरहून गाडी जुंपून राहुरीत मुक्काम करून नगरला पोचेपर्यंत आमची दया लंडनात चहा पीत असेल. तो म्हणाला की एवढी घाई कशाला.

आईला तू स्वतः लिही. मी मधला माणूस, मला दोन्हीकडून मार.

पावट्याच्या शेंगा आल्या आहेत, तुझी आठवण होते. अशीच पत्रे लिहून म्हाताऱ्यांना ओल देत जा.

तुझा
बाबा

*

मुंबई,
ता. ३ डिसेंबर १९४८

ती. सौ. आईस दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र बाबांच्या नावाने नाही, तुझ्या नावाने आहे. तूच वाच. चष्मा बाबांचा घे, पण बाबांना घेऊ नकोस.

आई, मला भीती वाटत नाही असे नाही. विमानाचे नाव काढले की मलाही दादाच आठवतो. तो रजेवर आला होता तेव्हा बोटांना लागलेले तेल तुझ्या पदराला पुसायचा आणि तू ओरडायचीस. मी बाईसाहेब व्हायला जात नाही. गेल्या वर्षी रंगनाथकाकांची लेक चांगुणा बाळंतपणात गेली, तेव्हा तू मला म्हणाली होतीस की मुंबईच्या दवाखान्यात तू दहा जणींना सोडवतेस आणि इथे शेजारची गेली. मला ते अजून टोचते. मी एकटी किती ठिकाणी पुरणार? मला शिकवता आले तर माझ्या हाताखालून पोरी तयार होतील आणि त्या आपल्या भागात येतील. म्हणून जायचे आहे.

मेट्रनबाईंनी नाताळापूर्वी होय की नाही ते सांग म्हटले आहे. तू फक्त एक शब्द लिही. नको लिहिलेस तर मी थांबेन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. पण गप्प राहू नकोस. तुझे गप्प राहणे मला सोसत नाही.

तुझ्या हातच्या मायेला आचवलेली,
दया

*

बेलापूर,
ता. १४ डिसेंबर १९४८

चि. दयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आईने स्वतः वाचले. ओळीखाली बोट धरून, दोन वेळा. मला दाखवले नाही. उत्तर लिहितेस का विचारले तर म्हणाली की लिहायची सवय मोडली. शेवटी काल भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, की तिला मी अडवलं असं कोनी म्हनू नये. मी विचारले, म्हणजे जाऊ दे असे कळवू का? तर म्हणाली, मी बोलले तेवढंच कळवा. म्हणून तेवढेच कळवतो. तू मेट्रनबाईंना होय सांगून टाक. तिच्याकडून याहून जास्त आज तरी निघायचे नाही.

इकडे मंडळीत बातमी पसरली. रविवारी उपासना संपल्यावर बनुआत्याने उठून सांगितले की भावाची पोर एवढ्या उंचावरून जाणार, तर ती वर असेपर्यंत आपण साखळी धरली पाहिजे. साखळी प्रार्थना तुला माहीत आहेच. एका घराने तासभर बसायचे, दुसऱ्याने येऊन खांद्याला हात लावला की उठायचे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. प्लेगाच्या साली अशी धरली होती. पाळकसाहेबांना पसंत पडले. किती वेळ धरायची हे काढायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. तू कळवल्याप्रमाणे विमान ६ जानेवारीला, गुरुवारी संध्याकाळी सहाला मुंबईहून उडते आणि शुक्रवारी दुपारी चारला लंडनला उतरते. म्हणजे बावीस तास. मी फळ्यावर गणित मांडून दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या. घरे कमी पडली तेव्हा काहींनी दोन-दोन तास घेतले. रंगनाथ म्हणतो की मला तुमची प्रार्थना येत नाही, पण पहाटेच्या माणसांना शेकोटी करून देईन.

तुझ्या आईने मात्र तास घेतला नाही. बनुने पुष्कळ समजावले. आई एवढेच म्हणाली, "योहानाच्या टायमाला बसले हुते मी." बनु उठून घरी गेली. तो बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हाही आपण साखळी धरली होती. लोक बदलत होते, ही दोन दिवस उठली नव्हती. तिने मागितले आणि मिळाले नाही. त्यावर मी तिला काय समजावणार? तूही वाईट वाटून घेऊ नकोस.

नाताळला ये. तुझ्या येण्यावर घराचा सण आहे, एवढे मनात धर.

तुझा
बाबा

*

मुंबई,
ता. ५ जानेवारी १९४९

ती. बाबांस दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

उद्या निघायचे. सामान तोलून दिले. तुम्ही दिलेला जाड शब्दकोश वजनात बसला नाही, तो मेट्रनबाईंच्या कपाटात ठेवला आहे. त्यावर रागावू नका, लंडनमध्ये इंग्रजी शब्द मिळतील.

नाताळचे दोन दिवस कसे गेले कळले नाही. आईने करंज्या केल्या, माझ्या केसांना तेल लावले, बनुआत्याच्या गाईपासून कालव्याच्या पाण्यापर्यंत सगळे बोलली, फक्त त्या एका गोष्टीवर बोलली नाही. तुम्ही मला स्टेशनावर पोचवायला आलात तेव्हा ती दारात उभी होती. मी वळून बघितले तर आत गेली होती. गाडीत बसल्यावर मला वाटले, उतरावे आणि परत जावे. वर्षभराची गोष्ट आहे हे मला कळते, पण दादाही वर्षभरात येतो म्हणाला होता.

उद्या संध्याकाळी सहाला मंडळी चर्चमध्ये बसलेली असतील हे मनात धरूनच मी पायरी चढणार आहे. सगळ्यांना माझा सलाम सांगा. आईला सांगा की मी रागावले नाही. खरे तर थोडी रागावले आहे, पण ते सांगू नका.

पोचल्याबरोबर तार करीन. तोवर आहे तसाच जीव लावून ठेवा.

तुमची
दया

*

बेलापूर,
ता. ८ जानेवारी १९४९

चि. दयास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज दुपारी तुझी तार आली. तारवाल्याला सायकलवरून उतरूही दिले नाही. सुखरूप एवढा शब्द वाचला आणि चष्म्यावर पाणी आले, पुढचे वाचायला पोस्टमास्तरांच्या पुतण्याला लावले.

साखळी अगदी नमुनेदार पार पडली. गुरुवारी सहाच्या ठोक्याला पाळकसाहेबांनी सुरुवात केली. रात्री थंडी मी म्हणत होती, पण एकही घर चुकले नाही. रंगनाथाने शेकोटी तर केलीच, वर हुरडाही भाजून दिला, त्यामुळे काही जण आपला तास संपल्यावरही हलेनात. शुक्रवारी दुपारी चारला बनुचा शेवटचा तास संपला. ती उठली, आम्ही सर्वांनी उभे राहून उपकारस्तुतीचे गीत गायले, गुळाचा चहा झाला आणि दया पोचली, दया पोचली म्हणत सगळे आपापल्या घरी गेले. मी तर घरी येऊन रात्रीची राहिलेली झोप काढली.

तुझ्या आईचे मात्र काही कळत नाही. चहाच्या वेळी चर्चच्या मागे उभी होती. मंडळी पांगल्यावर म्हणाली की हुरड्याचा पसारा झाला आहे, मी झाडून येते. जेवणाची वेळ टळून गेली तरी बाईचा पत्ता नाही. मी उपाशी. शेवटी आली, पिठले टाकून वाढले, आणि आज उजाडायच्या आत पुन्हा गेली. म्हणे सतरंज्या झटकायच्या राहिल्या. दुपारी तार घेऊन मी धावत गेलो तर केरसुणी बाजूला ठेवून पहिल्या बाकावर बसलेली. तार वाचून दाखवली तर उठली आणि म्हणाली की चला, भाकरी करते. बस्स. एवढी मोठी बातमी आणि भाकरी करते!

तिथे थंडी असेल, लोकरीचे कपडे घालत जा. आम्हा दोघांना विसरायला वर्ष पुरणार नाही असा भरवसा आहे.

तुझा
बाबा

*

लंडन,
ता. १७ जानेवारी १९४९

ती. बाबांस व ती. सौ. आईस दयाचा परदेशातून सप्रेम सलाम. वि. वि.

बाबा, तुमचे पत्र आजच मिळाले आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून इतकी हसले की शेजारची मुलगी विचारायला आली. मग रडू आले. दोन्हींचे कारण सांगते.

आधी प्रवास. कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळ्या देतात. रात्रभर काळोखात नुसती घरघर. उजाडताना कैरोला उतरलो, तिथे बराच वेळ बसवून ठेवले. मग खाली समुद्र, इतका शांत की कालव्याचे पाणी बरे. दुपारनंतर बर्फाचे डोंगर आले. ते बघायला आम्ही सगळे खिडकीला लागलो तोच विमान एकदम खाली बसले. पुन्हा उचलले, पुन्हा बसले. कपबशा जमिनीवर. माझ्या शेजारी सुरतेचे एक वृद्ध गृहस्थ होते, ते मुलाकडे चालले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मी सवयीने त्यांची नाडी बघत बसले. माझी कोणी बघितली असती तर काही खरे नव्हते. त्या वेळी मला दादा फार आठवला. त्यालाही असेच वाटले असेल का, हे पहिल्यांदाच मनात आले. मग मी मनगटावर बघितले. घड्याळ मी मुद्दाम मुंबईचेच ठेवले होते. पाच वाजून गेले होते. मी स्वतःला म्हटले, दया, भिऊ नकोस, या क्षणी बेलापुरात आपल्यासाठी कोणीतरी बसले आहे. त्या एका आधारावर मी तो अर्धा तास काढला.

आणि तुम्ही लिहिता की चारला गीत गाऊन चहा पिऊन सगळे घरी गेले!

बाबा, चारला विमान उतरते ते लंडनच्या घड्याळाने; तुमचे बावीस तास मीही तेव्हा तपासून पाहिले नाहीत. इथे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तीस वर्षे तुम्ही आम्हाला पृथ्वीगोल फिरवून शिकवले की पश्चिमेला जावे तसे घड्याळ मागे पडते. मला एकदा ते चुकले म्हणून अंगठे धरायला लावले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हणही तुम्हीच शिकवली. तुम्ही माझ्या काळजीत सगळा भूगोल विसरलात, हे मला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठे वाटते. बनुआत्याला मात्र हे सांगू नका, ती पुन्हा साखळी धरायला लावील.

आता रडण्याचे. मी डोंगरांवर होते तेव्हा चर्च रिकामे होते, असे आधी वाटले. मग तुमचे पत्र पुन्हा वाचले. बाबा, आपले चर्च केवढे? ते झाडायला चारपासून जेवणवेळ टळेपर्यंत वेळ लागतो का? आईला यातले काही विचारू नका. पण हे पत्र तिच्या हाती पडेल असे ठेवा.

दोघांनी आपला लोभ इकडे वळता ठेवावा, इथे उन्हाचीही टंचाई आहे.

तुमची
दया

*

बेलापूर,
ता. २९ जानेवारी १९४९

चि. दयास आई मरियाचा आशिर्वाद. वि. वि.

तुजं पत्र मी वाचलं. ह्ये मीच लिवतेय. तुज्या बाबांना तपासू दिलं न्हाई, पाकिटावरचा पत्ता तेवढा त्यांनी लिवला. चार दिस लागले लिवायला. ते तुज्या गनितावरून अजून कुनाशी बोलत न्हाईत, पृथ्वीगोल माळ्यावर टाकून दिलाय.

तू समजलीस ते खरं हाय. मला घड्याळातलं काय कळत न्हवतं. चारला समदी म्हनली पोचली, पन तार न्हवती आली. मला वाटलं तार आल्याबिगर पोचली कशी म्हनायची. लेक वर असंल तर खाली कोनीतरी बसाया पायजे. म्हनून बसले. तुज्या बाबांना भूक लागली असंल म्हनून उठले तेवढंच.

पन तू म्हनशील आई प्रार्थना करत हुती, तर तसं न्हाई. खोटं कशाला सांगू. मला मागायची भ्या वाटली. मी योहानाशी बोलले. पाळकसायबांना सांगू नको, त्यांना चालनार न्हाई. पाच वर्सं मी त्याच्याशी बोलले न्हवते, लई रागावले हुते त्याच्यावर, सांगून गेला आन आला न्हाई म्हनून. त्या दिशी म्हनलं, बाबा, तू तिकडंच कुठंतरी हायेस, तुजी बहिन त्या वाटंनं चाललीय, तिला सांभाळून पलीकडं लाव. मग लई बोलले. तू मुंबईला गेल्याचं, गाय इकल्याचं, त्याचा सदरा मी अजून कुनाला दिला न्हाई त्ये. बोलता बोलता डोळे कवा मिटले मला कळलं न्हाई.

मी तुला जा म्हनले न्हाई. तोंडातून निघतच न्हवतं. दारातून आत गेले ती रडाया गेले हुते, तुज्यावर राग न्हवता. तू रागावलीस त्ये बाबांनी सांगितलं, त्यांच्या पोटात काय राहत न्हाई.

परवा विमान गेलं वरून. मी अंगनात हुते. उभी राहून बघितलं, दिसंनासं हुईपर्यंत.

नीट शीक. पोटाला खा. तिकडं कुनी आई म्हनून जवळ घेतलं तर घेऊ दे, मला चालंल. मी हितं हायेच.

आन येताना बोटीनं येऊ नको. बोटीला लई दिस लागत्यात म्हनं. विमानानंच ये.

तुजी
आई